बटाट्याचे पदार्थ घरी करून कसे पारखावेत

आईचे गुडघे दुखू लागल्यावर आमच्या परळच्या घरातला स्वयंपाक माझ्याकडे आला. तोवर चहा आणि मुगाची खिचडी यांपलीकडे माझी मजल गेलेली नव्हती. बटाट्याची भाजी सर्वांत सोपी, असे धरून मी तिथून सुरुवात केली आणि पहिल्या दोन महिन्यांत तीच सर्वांत जास्त वेळा बिघडली. कधी फोडींचा लगदा झाला, कधी त्या बाहेरून विरघळल्या आणि आत कच्च्या राहिल्या, तर एका रविवारी पाहुणे बसलेले असताना वडे एकापाठोपाठ एक तेलात फुटले. प्रत्येक वेळी मी दोष मसाल्यात शोधला. हळद कमी केली, मिरची बदलली, फोडणीत कधी आले वाढवले तर कधी लसूण. पुढे जवळजवळ वर्षभर वही ठेवून तेच पदार्थ पुन्हा पुन्हा केले, तेव्हा लक्षात आले की बटाट्याच्या पदार्थातला दोष मसाल्यात क्वचितच असतो. बटाटा कोणत्या प्रकारचा आणि किती जुना आहे, उकडताना त्याने किती पाणी शोषले आणि त्याला आच कशी मिळाली, या तीन ठिकाणी तो जवळजवळ नेहमी सापडतो.

नव्याने स्वयंपाक शिकणाऱ्यांसाठी, विशेषतः नोकरीनिमित्त मुंबईत येऊन भाड्याच्या खोलीत स्वतः रांधून खाणाऱ्यांसाठी, हा लेख लिहिला आहे. पाककृती कुठेही मिळतात. पदार्थ केल्यावर तो कसा झाला हे नेमके कसे ठरवायचे आणि बिघडला असेल तर पुढच्या वेळी कशाला हात लावायचा, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

लागणारे साहित्य

- एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातील वजनकाटा. यात काटकसर करू नका. बाकीची साधने उसनी आणता येतात.
- कुकर आणि त्यात बसणारे भांडे.
- जाड बुडाची कढई व तिच्यावर घट्ट बसणारे खोलगट झाकण. झाकण खोलगट का हवे, ते काचऱ्यांच्या वेळी कळेल.
- पातळ पात्याची सुरी, मोठ्या छिद्रांची किसणी, उलथणे, झारा.
- एकसारख्या दिसणाऱ्या तीन वाट्या.
- साधी मोजपट्टी आणि घड्याळ.
- वही. मोबाइलमध्ये लिहायला हरकत नाही, पण पिठाच्या हाताने वहीत लिहिणे सोपे जाते, असा माझा अनुभव आहे.

१. एकच पदार्थ निवडा आणि तो किमान चार वेळा करा

आज भाजी, उद्या वडे, परवा पॅटिस असे करत गेल्यास महिनाभरानंतरही हाताशी काही लागत नाही, कारण दोन पदार्थांची तुलना करता येत नाही. एक पदार्थ निवडा आणि दर वेळी अर्धा किलो बटाटे घ्या. मध्यम आकाराचे चार-पाच बटाटे अर्ध्या किलोत बसतात, तेवढी भाजी दोन-तीन माणसांत संपते आणि बिघडली तरी फार वाया जात नाही. सुरुवात पिवळ्या सुक्या भाजीने करावी, असे माझे मत आहे. तिच्यात लपवायला काहीच नसते.

२. बटाटा विकत घेताना तीन प्रश्न विचारा

मुंबईत कांदे-बटाटे विकणारा बहुधा पालेभाजीवाल्यापासून वेगळा असतो आणि त्याला आपल्या मालाची चांगली माहिती असते. त्याचा माल प्रामुख्याने वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या कांदा-बटाटा बाजारातून येतो. तिथे आग्र्याकडचा, इंदूरकडचा, गुजरातेतील डीसा भागातला आणि पुणे जिल्ह्यातला बटाटा हंगामानुसार येत राहतो. म्हणून त्याला विचारा: माल कुठला आहे, नवा आहे की कोल्ड स्टोरेजचा, आणि उकडून मोडायला चांगला कोणता. गर्दीच्या वेळी हे प्रश्न विचारू नका; दुपारी गेलात तर तो स्वतः दोन ढिगांतले बटाटे काढून दाखवतो.

यातला दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. उत्तर भारतातील मुख्य पीक साधारण जानेवारी ते मार्च या काळात निघते. त्यातला मोठा भाग दोन ते चार अंश सेल्सिअसच्या शीतगृहांत जातो आणि पुढे वर्षाच्या अखेरीपर्यंत बाजारात येत राहतो. इतक्या थंडीत बटाट्याला कोंब फुटत नाहीत, पण त्यातल्या स्टार्चचा काही भाग साखरेत बदलतो. असा बटाटा उकडला की गोडसर लागतो आणि तळला की आतून शिजण्याआधीच बाहेरून तांबूस होतो. पावसाळ्यात काचऱ्या करपतात आणि आपण गॅस मोठा होता असे समजतो, त्यामागे बहुतेकदा ही साखर असते. असे बटाटे दोन-तीन आठवडे घरच्या तापमानाला, उजेडापासून दूर ठेवले तर ती साखर बरीच कमी होते. नेमक्या याच कारणासाठी वेफरच्या कारखान्यांसाठी ‘कुफरी चिप्सोना’सारख्या वेगळ्या जाती लावतात आणि तो बटाटा दहा-बारा अंशांवर, म्हणजे तुलनेने उबदार शीतगृहात ठेवतात. ‘कुफरी’ हे शिमल्याजवळच्या गावाचे नाव आहे आणि शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने काढलेल्या जातींच्या नावाआधी ते लावले जाते. ‘कुफरी ज्योती’ ही १९६८ सालची जात तर आजही अनेक विक्रेत्यांच्या तोंडी ‘ज्योती’ या नावाने आहे.

नवा बटाटा ओळखणे सोपे आहे. अंगठ्याने चोळले की त्याची साल पापुद्र्यासारखी निघते. त्यात पाण्याचा अंश जास्त असतो. रश्श्याला तो उत्तम, वड्यांना मात्र त्रासदायक. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर पावसाळी पीक घेतले जाते. त्या भागातला ताजा बटाटा सप्टेंबरच्या सुमारास मिळाला तर रस्सा किंवा सालासकट परतलेली भाजी अवश्य करून पाहा.

घरी आणल्यावर होणाऱ्या चुका येथेच सांगतो. बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका, कारण तिथेही शीतगृहासारखेच होते आणि ते गोड होतात. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. मुंबईच्या दमट हवेत ते आतून घामेजतात आणि एक सडला की शेजारचे सडतात. बांबूची टोपली, खाली जुने वर्तमानपत्र आणि वर सुती कापड, एवढे पुरे. कांदे वेगळ्या टोपलीत ठेवा. बटाट्यावर हिरवी छटा आली असेल, तर तो भाग साल काढून आणि खाली चांगला खोलवर कापून टाका. बटाटा बराचसा हिरवा झालेला असेल किंवा कडू लागत असेल, तर पूर्ण फेकून द्या. हिरव्या भागासोबत सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेले असू शकते आणि ते उकडल्याने नष्ट होत नाही. कोंब आले असतील तर ते मुळापासून खणून काढावेत.

३. मिठाच्या पाण्यात बटाटा सोडून पाहा

संपूर्ण लेखातली एकच गोष्ट करून पाहायची असेल, तर ही करा. एक लिटर पाण्यात ११० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. बटाटे स्वच्छ धुऊन, साल न काढता, एकेक करून त्या पाण्यात सोडा. काही बुडतील आणि काही तरंगतील.

या पाण्याची घनता साध्या पाण्याच्या सुमारे १.०७ पट असते. ज्या बटाट्यात स्टार्च जास्त आणि पाणी कमी, तो त्याहून जड असतो आणि बुडतो. तो उकडल्यावर भुसभुशीत होतो, हाताने सहज मोडतो. त्याला मी पिठूळ बटाटा म्हणतो. तरंगणारा बटाटा ओलसर आणि चिकट असतो, उकडल्यावरही त्याच्या फोडी आकार धरून राहतात. वडे, पॅटिस, पराठ्याचे सारण यांसाठी बुडणारा बटाटा घ्यावा आणि रस्सा, काचऱ्या, कोशिंबीर यांसाठी तरंगणारा.

मला या परीक्षेने एक जुने कोडे सोडवून दिले. आमच्या भाजीत निम्म्या फोडी विरघळलेल्या आणि निम्म्या टणक, असे वारंवार होत असे आणि आई म्हणायची, “तू ढवळतोस फार.” एके दिवशी एकाच ढिगातले नऊ बटाटे मिठाच्या पाण्यात टाकले, तर पाच बुडाले आणि चार तरंगले. म्हणजे एका कढईत मी दोन वेगळ्या प्रकारचे बटाटे एकाच वेळेत शिजवू पाहत होतो. तेव्हापासून आणलेले बटाटे मी आधी वेगळे करतो आणि दोन टोपल्यांत ठेवतो.

या परीक्षेला एक मर्यादा आहे. मोठ्या बटाट्याच्या मध्यभागी कधी कधी पोकळी असते आणि तो पिठूळ असूनही तरंगतो. म्हणून फार मोठे बटाटे या परीक्षेसाठी घेऊ नयेत. बटाटे पाण्यातून काढल्यावर साध्या पाण्याने धुऊन कोरडे करा. मिठाचे पाणी बाटलीत भरून ठेवले तर दोन-चार वेळा वापरता येते.

४. उकडताना बटाट्यात पाणी शिरू देऊ नका

पुष्कळ घरांत बटाट्याचे दोन तुकडे करून, कुकरमध्ये बुडतील इतके पाणी घालून चार-पाच शिट्ट्या करतात. भाजीला ते कसेबसे चालते, पण वड्यांचा नाश येथेच होतो. कापलेली बाजू पाणी पिते, जास्त शिट्ट्यांनी साल फाटते आणि तिथूनही पाणी आत जाते.

त्याऐवजी एकसारख्या आकाराचे अख्खे बटाटे पाणी न घालता कुकरच्या भांड्यात ठेवा; पाणी फक्त भांड्याखाली असावे. मध्यम बटाट्यांना तीन शिट्ट्या, नंतर आच मंद करून पाच मिनिटे, आणि वाफ आपोआप जिरेपर्यंत कुकर उघडू नये. तुमच्या कुकरला एखादी शिट्टी कमी किंवा जास्त लागेल, ती वहीत लिहून ठेवा. सुरीचे टोक मध्यापर्यंत विनासायास गेले आणि बटाटा साल फाटलेली नसताना बाहेर आला, तर उकडणे बरोबर झाले.

कुकर नसेल, तर बटाटे थंड पाण्यात टाकून मग पातेले गॅसवर ठेवावे. उकळत्या पाण्यात टाकल्यास बाहेरचा थर शिजून फुटतो तेव्हा मध्य कच्चाच असतो.

सोलायचे ते गरम असताना, पण कापायचे किंवा मोडायचे ते पूर्ण निवल्यावर. गरम बटाटा कापला की सुरीला चिकटतो आणि फोडींच्या कडा झडतात. सोललेले बटाटे ताटात पसरून पंख्याखाली पंधरा मिनिटे ठेवले, तर वरची वाफ निघून जाते. बटाटा मिक्सरमध्ये कधीही फिरवू नये. पात्याने स्टार्चचे कण फुटतात आणि खळीसारखा चिकट गोळा होतो, जो कशानेही सुधारत नाही. हाताने किंवा पावभाजीच्या मॅशरने, थोडा भरड ठेवून मोडावा. मुंबईच्या उन्हाळ्यात उकडलेले बटाटे दोन तासांहून जास्त वेळ ओट्यावर ठेवू नका. लगेच वापरायचे नसतील तर फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजचा नियम कच्च्या बटाट्यापुरता आहे.

५. एका वेळी एकच बदल करा

समजा भाजी पचपचीत झाली. पुढच्या वेळी तुम्ही दुसऱ्या दुकानातला बटाटा आणला, शिट्टी एक कमी केली आणि झाकणही ठेवले नाही. भाजी सुधारली, पण कशामुळे सुधारली हे कधीच कळणार नाही. म्हणून एका खेपेला एकच गोष्ट बदला आणि बाकी सर्व मागच्या खेपेसारखे ठेवा.

वहीत प्रत्येक वेळी पुढील गोष्टी लिहाव्यात: तारीख, बटाटा बुडणारा की तरंगणारा, कच्चे वजन, उकडल्यानंतर सोललेले वजन, फोडींची जाडी, शिट्ट्या किंवा मिनिटे, तेल व मीठ ग्रॅममध्ये, आणि या वेळी काय बदलले. मीठ चमचाभर असे लिहू नका, कारण बारीक आणि जाडे मीठ एकाच चमच्यात वेगवेगळ्या वजनाचे बसते. अर्धा किलो बटाट्यांच्या सुक्या भाजीला आमच्या घरी सहा ग्रॅम मीठ बरोबर लागते. तुमचा आकडा वेगळा असेल, पण एकदा ठरला की मिठाची काळजी मिटते आणि लक्ष बाकीच्या गोष्टींकडे देता येते.

६. कोणत्या पदार्थात काय पाहायचे

पिवळी सुकी भाजी. पुरीबरोबर वाढली जाते ती. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, हिरवी मिरची यांची फोडणी, त्यावर निवलेल्या बटाट्याच्या फोडी, मीठ, चिमूटभर साखर आणि शेवटी लिंबू व कोथिंबीर. चांगल्या भाजीत बहुतेक फोडी अखंड असतात आणि थोड्या मोडून त्यांचा पातळ थर इतरांना लागलेला असतो, त्यामुळे ती कोरडी ठक्क वाटत नाही. फोडी सगळ्याच सुट्या आणि मसाला कढईच्या तळाशी राहिला असेल, तर बटाटा चिकट प्रकारचा होता. त्यात एक पिठूळ बटाटा मोडून मिसळावा. सगळाच लगदा झाला असेल, तर एक शिट्टी कमी करा.

काचऱ्या. कच्चा बटाटा दोन ते तीन मिलिमीटर जाडीच्या कापांत चिरा. मोजपट्टी येथेच कामाला येते, कारण नवशिक्याच्या हाताने एकाच ताटात दोन आणि पाच मिलिमीटरचे काप पडतात आणि मग निम्मे करपतात, निम्मे कच्चे राहतात. काप पाण्यात दहा मिनिटे ठेवून वरचा स्टार्च धुऊन टाका आणि कापडावर पूर्ण कोरडे करा. फोडणीत टाकल्यावर खोलगट झाकण ठेवून त्या झाकणातच थोडे पाणी घाला. वर पाणी असल्यामुळे झाकण थंड राहते, आतली वाफ त्याला लागून थेंबाथेंबाने परत काचऱ्यांवर पडते आणि वेगळे पाणी न घालता त्या शिजतात. शिजल्या की झाकण काढून परताव्यात. मीठ शेवटी घालावे. आधी घातले की बटाट्याला पाणी सुटते आणि त्या कुरकुरीत होण्याऐवजी लिबलिबीत होतात. आईने हे मला पहिल्याच दिवशी सांगितले होते. ते पटायला मला दोन कढयांत वेगवेगळ्या करून पाहाव्या लागल्या, आणि तसे करून पाहण्याला माझा आजही पूर्ण पाठिंबा आहे.

रस्सा. येथे एकच सापळा आहे, पण त्यात जवळजवळ प्रत्येक जण सापडतो. कच्च्या बटाट्याच्या फोडी टोमॅटो, चिंच किंवा आमसुलाबरोबर शिजायला ठेवल्या की त्या मऊच होत नाहीत. बटाट्याच्या पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन आंबटपणात सहजी विरघळत नाही, म्हणून फोडी अर्ध्या तासानंतरही करकरीत राहतात. खात्री करायची असेल, तर एकाच बटाट्याच्या सारख्या फोडी दोन पातेल्यांत घ्या, एकात चिंचेचा कोळ घाला आणि पंधरा मिनिटे उकळल्यावर दोन्हींत सुरी टोचून पाहा. फरक बोटांना कळतो. म्हणून फोडी आधी शिजवाव्यात आणि आंबट नंतर घालावे. याच गुणाचा उपयोगही होतो. बटाटा फार पिठूळ असेल आणि रश्श्यात विरघळण्याची भीती वाटत असेल, तर आमसूल थोडे लवकर टाकावे.

उपवासाची भाजी आणि कीस. भाजीचे नियम वरच्यासारखेच, फोडणीला तूप-जिरे. किसासाठी कच्चा बटाटा मोठ्या छिद्रांच्या किसणीवर थेट पाण्यात किसावा, दोन पाण्यांतून धुवावा आणि घट्ट पिळून घ्यावा. किसाचा गिच्च गोळा झाला, तर तो नीट धुतला किंवा पिळला गेला नव्हता. दाण्याचे कूट बटाटा शिजल्यावरच घालावे.

बटाटेवडा. हा पदार्थ शेवटी घ्या, कारण यात तीन गोष्टी एकदम जमाव्या लागतात: सारण, पीठ आणि तेल. अर्धा किलो बुडणाऱ्या बटाट्यांपासून सुमारे ५० ग्रॅमचे नऊ-दहा वडे होतात. लसूण, आले, हिरवी मिरची यांचा ठेचा फोडणीत परतून त्यातला ओलावा जाऊ द्यावा आणि मगच बटाट्यात मिसळावा. सारणाचा गोळा तळहातावर दाबून पाहा. कडा फाटल्या तर ते फार कोरडे आहे आणि हाताला चिकटले तर फार ओले.

पिठासाठी १५० ग्रॅम बेसन, दोन चमचे तांदळाचे पीठ, हळद, मीठ आणि साधारण १७० मिलिलिटर पाणी लागते. पाणी एकदम ओतू नका, बेसनाप्रमाणे ते कमीजास्त होते. चमचा बुडवून त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा. रेघ मिटली नाही तर पीठ बरोबर आहे. सोडा घालायचा असेल तर चिमटीच्या टोकावर मावेल इतकाच. जास्त सोड्याने आवरण जाळीदार होते आणि तेल पिते. तेलात पिठाचा थेंब टाकावा. तो तळाशी बसून राहिला तर तेल थंड आहे, वर येताच तांबूस झाला तर फार गरम आहे. लगेच वर येऊन बुडबुड्यांसह पिवळाच राहिला की वडे सोडावेत. छोट्या कढईत एका वेळी तीन-चारच सोडा, कारण जास्त सोडले की तेल थंड पडते.

वडा फुटला तर तो फेकण्याआधी नीट पाहा. चीर पडून सारण बाहेर आले असेल, तर सारणात पाणी होते आणि त्याची वाफ होऊन तिने आवरण फाडले. आवरण पापुद्र्यासारखे सुटून आले असेल, तर गोळ्याचा पृष्ठभाग ओला होता; फ्रिजमधून काढलेल्या थंड गोळ्यांवर मुंबईच्या हवेतले पाणी लगेच जमते, त्यामुळे हे हमखास होते. आवरण आतून कच्चे आणि बाहेरून गडद असेल, तर पीठ दाट किंवा तेल फार गरम होते. त्या रविवारी माझे वडे चीर पडून फुटले होते. कारण मसाल्यात नव्हते, पाच शिट्ट्या दिलेल्या कापलेल्या बटाट्यांत होते, हे मला आठ महिन्यांनी कळले.

वडा तेलकट झाला का, हे जिभेवर सोडू नका. तळण्याआधी तेलाचे वजन करा, तळून झाल्यावर ते पूर्ण थंड होऊ द्या आणि पुन्हा वजन करा. माझ्या नोंदीत दहा वड्यांना कधी ६० ग्रॅम तर कधी १०० ग्रॅम तेल लागलेले आहे आणि १०० ग्रॅमच्या दोन्ही वेळी तेल पुरेसे तापलेले नव्हते. गरम तेलाची कढई काट्यावर कधीही ठेवू नये.

७. चाखणाऱ्यांना काय आणि कसे विचारावे

“कसे झाले आहे?” असे विचारले की घरची माणसे “छान” म्हणतात. ती मन राखतात, आणि त्यांनी ते राखावे; पण त्या उत्तराने पुढच्या वेळी काय करायचे ते समजत नाही. म्हणून प्रश्न नेमका असावा: या दोन वाट्यांतली कोणती जास्त मऊ आहे? कोणती जास्त तेलकट आहे? कोणत्या भाजीबरोबर आणखी एक पुरी घ्याल? त्यातही प्रत्येकाला वेगळे विचारा. आमच्याकडे आईने मत दिले की बाकी सर्वांचे तेच होते.

दोन पद्धतींत खरोखर फरक पडला की तो आपल्याला वाटतो, हे तपासण्यासाठी तीन वाट्यांची परीक्षा घ्यावी. दोन वाट्यांत एकाच प्रकारची भाजी आणि तिसरीत दुसऱ्या प्रकारची ठेवा, वाट्यांच्या खाली चिठ्ठ्या चिकटवा आणि वेगळी वाटी कोणती ते ओळखायला सांगा. नुसत्या अंदाजानेही तिघांतली एक वाटी तीनपैकी एकदा बरोबर येऊ शकते, म्हणून एका उत्तरावर विसंबू नये. क्रम बदलून तीन वेळा विचारा. तिन्ही वेळा अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता सत्तावीसांत एक इतकीच उरते. मी महागडे हिंग आणि साधे हिंग यांची अशी परीक्षा घेतली, तेव्हा घरात कुणालाही वेगळी वाटी सातत्याने ओळखता आली नाही. कुकरमध्ये पाण्यात उकडलेला आणि वाफेवर उकडलेला बटाटा मात्र चौघांनीही प्रत्येक वेळी ओळखला.

वाट्यांतल्या पदार्थांचे तापमान सारखे असावे, नाहीतर गरम वाटीच जिंकते. एका बैठकीत तीनपेक्षा जास्त नमुने देऊ नयेत आणि दोन घासांच्या मध्ये पाणी किंवा कोरडा भात द्यावा. तिखट नमुना शेवटी ठेवावा.

८. डब्यात भरून पाहा

मुंबईत सकाळी सहाला केलेली भाजी दुपारी एकला खाल्ली जाते. त्यामुळे कढईतून काढल्यावरचा घास हा निम्माच निकाल असतो. प्रत्येक प्रयोगातली दोन चमचे भाजी डब्यात भरा आणि जेवणाच्या वेळी पुन्हा चाखून वहीत दुसरी नोंद करा.

या दुसऱ्या नोंदीने माझी अनेक मते बदलली. सकाळी उत्तम वाटलेल्या काचऱ्या डब्यात वाफ धरून सादळतात, म्हणून त्या पूर्ण निवल्यावरच भराव्यात आणि पावसाळ्यात तर डब्याला शक्यतो देऊच नयेत. पिवळी भाजी दुपारपर्यंत घट्ट होते, कारण थंड होताना बटाट्याचा स्टार्च आळतो. डब्यासाठी ती सकाळी थोडी ओलसर वाटेल अशीच उतरवावी. लिंबू डब्यात वेगळे द्यावे. ओले खोबरे घातलेली भाजी उन्हाळ्यात डब्यासाठी करू नये, ती सर्वांत आधी विटते. वड्याचे आवरण दुपारी मऊ पडतेच. त्यावर उपाय शोधण्यात मी बरेच रविवार घालवले आणि शेवटी वडा घरीच गरम खाण्याचा पदार्थ आहे, असे वहीत लिहून ते पान बंद केले.

९. पाककृती कधी पक्की समजावी

एकाच पद्धतीने सलग तीन वेळा केलेला पदार्थ कढईतून काढल्यावर आणि डब्यात, दोन्ही ठिकाणी सारखा लागला, तर तेव्हाची वजने व वेळा एका वेगळ्या पानावर स्वच्छ उतरवून ते पान ओट्याजवळ लावावे. त्यावर महिनाही लिहावा. फेब्रुवारीत नव्या बटाट्यावर पक्के केलेले आकडे ऑगस्टमध्ये शीतगृहातल्या बटाट्याला लागू पडत नाहीत, म्हणून जूनच्या आसपास आणि पुन्हा दिवाळीनंतर मिठाच्या पाण्याची बाटली बाहेर काढावी, बाजारातून आणलेले बटाटे त्यात सोडून पाहावेत आणि शिट्ट्यांचा आकडा नव्याने ठरवावा.